पालकांची सही

रुवीच्या मागच्या गल्लीत, टायरवाल्याला लागून
आमचा छापखाना. बिलबुकं, लग्नपत्रिका,
आणि फेब्रुवारी सरला की प्रगतिपुस्तकं.
बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांचे रकाने आखले.

पहिल्यांदा जाड पिवळं कार्ड होतं :
विषय, शंभरपैकी, आणि तळाशी चौकोन, वर्गात कितवा.
मग कितवा गेला. मुलं रडतात म्हणे.
आधीही रडायचीच,
फक्त त्याला कुठे रकाना होता?
मग अंक गेले, अक्षरं आली,
बंदरात धक्क्यांना देतात तशी, ए-वन, बी-टू.
बालवर्गाला तारे. हसरी तोंडं.
एका साली ‘सहानुभूती’ छापली,
पाचपैकी.
‘नापास’ नेमका कधी गेला, आठवत नाही.
एका ऑर्डरीत नव्हता, एवढंच.

माझ्या वेळी तो लाल शाईत असायचा.
देवरुख, नववी, गणिताखाली रेघ,
आणि शेरा : ‘हुशार आहे, पण लक्ष नाही.’
आईला वाचता येत नव्हतं.
काय लिवलंय रे, म्हणाली.
मी पहिले दोनच शब्द वाचले.
तिनं अंगठा उठवला, शाई केसांना पुसली,
आणि शेजारणीला सांगायला गेली.

अरबी मजकूर तपासायला खल्फान यायचा.
ते पुस्तक त्याला एकदा दाखवलं,
मोठ्यानं वाचलं : हजेरी. दाखला. सही.
तो हसला. हे तर आमचेच, कधी नेलेत?
म्हटलं, तुमच्याच गलबतांनी आणले,
खजूर उतरवताना सांडले असतील.
‘उत्तीर्ण’ मात्र समजावता येईना.
त्यात पाणी आहे, म्हटलं,
ते तरून पलीकडे लागलेला माणूस.
मग तू लागलासच की, तो म्हणाला.
मी नववीचं पान मिटलं.

गेल्या रमजानात सोहारहून नेवरेकर आला, क्रेनवाला.
चार महिने पगार नाही. फी थकलेली,
शाळेनं पोराचा निकाल अडवलेला.
गावी आजोबा रोज विचारतात, फोटो तरी पाठव.
एक कोरं दे, म्हणाला, भरतो मी.
शिक्के आमच्याकडे नसतात. कोरी असतात,
कटाईत वाकडी गेलेली, रद्दीच्या खोक्यात.
दिलं एक.
कटिंगच्या टेबलावर वाकून तो भरत बसला,
आधी पेन्सिलीनं, दर आकड्याशी थांबत.
गणितात त्र्याऐंशी. मग खोडलं.
एवढे नको, ओळखतील. एकोणसत्तर केले.
अरबीत किती द्यावेत, मलाच विचारलं.
हजेरी मात्र पुरी दिली.
शेऱ्याशी अडला.
तुम्ही लिहा, तुमचं अक्षर मास्तरासारखं आहे.
मी लिहिलं : ‘हुशार आहे.’
पुढे जागा होती, पेनात शाई होती.
स्वल्पविरामसुद्धा दिला नाही.

पालकांच्या जागी त्यानं स्वतःची सही केली,
तेवढी एकच खरी.

यंदा ऑर्डर आली नाही.
शर्वाणीचा निकाल रात्री साडेदहाला फोनवर आला,
विषयागणिक रंगीत खांब,
खाली माझ्यासाठी एक बटण : पाहिलं.
दाबलं. ते करडं झालं.
आता पुन्हा पाहिलं तरी कुणाला कळणार नाही.

उरलेली पिवळी कार्डं घरी आणली,
बायकोनं फडताळात बरण्यांखाली घातली.
काल उचलून बघितलं :
लोणच्याचं तेल भूगोल ओलांडून
वर्तणुकीपर्यंत गेलंय.